तीन लांब शिट्ट्या

मी शिट्टी बोलतेय. दचकू नका, मला कुणी वाजवलेलं नाही. आज माझी मीच बोलतेय. एरवी माझं नशीब असं की दुसऱ्याच्या श्वासावाचून मला आवाज नाही. पण ज्याच्या गळ्यात मी लटकते त्याची छाती मला जवळून ऐकू येते. बाहेरून छातीठोक दिसणारा माणूस आतून कसा लटपटतो, आणि दगड म्हणून हिणवलेल्या बाईचं काळीज कसं धडधडतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी पितळेची. उत्तरेकडं एका भांड्यांच्या गावात माझा जन्म झाला. वरून कडी, आणि पोटात बुचाचा एक छोटा गोळा. तो गोळा नाचला की मी ओरडते. माझ्याबरोबरच्या काही बहिणी शाळांत गेल्या, काही पोलिसांच्या खिशात. मी मदुरैच्या एका दुकानात काचेखाली धूळ खात पडले होते. तिथून मला करुप्पय्यानं उचललं.

करुप्पय्या कबड्डीचा पंच. शिवकाशीच्या आसपासच्या गावांत देवीची जत्रा असली की कबड्डी ठरलेली, आणि कबड्डी असली की करुप्पय्या ठरलेला. मिशा अशा झुपकेदार, की मला तोंडात धरलं की गुदगुल्या व्हायच्या. एकदा त्याच्याच गावचा संघ मार खात होता. त्याचा सख्खा भाचा मैदानात पडला, गुडघा फुटला, लोक ओरडायला लागले, "अरे मामा, बघत काय उभा राहिलास? उचल त्याला!" करुप्पय्या जागचा हलला नाही. त्यानं मला वाजवून खेळ थांबवला, दुसऱ्यांना बोटानं खूण करून पोराला बाहेर नेलं, आणि नजर मैदानावरच ठेवली. घरी गेल्यावर बहिणीनं त्याला चांगला फैलावर घेतला. तो एवढंच म्हणाला, "शिट्टी ज्याच्या तोंडात, त्यानं खेळायचं नसतं बाई."

हे वाक्य त्याची मुलगी पेच्ची ऐकत होती. ऐकून विसरणाऱ्यातली ती नव्हती.

आमच्या मुलखात माती काळी आणि आभाळ कंजूष. शेतात काही उगवत नाही, म्हणून माणसं फटाके बनवतात. सकाळी बायका डबे घेऊन गाड्यांतून कारखान्यात जातात, संध्याकाळी चंदेरी हात घेऊन परत येतात. ती चंदेरी पूड साबणानं जात नाही. लेकराला भरवताना ती त्याच्या गालाला लागते. फटाक्यात भरायच्या मसाल्याला इथं सगळे औषधच म्हणतात, आणि दवाखान्यातल्यालाही औषधच. एका औषधानं जाळायचं आणि दुसऱ्यानं विझवायचं, असा आमचा संसार.

पेच्ची अँब्युलन्सवर लागली, त्या दिवशी बापानं मला तिच्या गळ्यात घातलं. "सोनं घालायची ऐपत नाही पोरी, पितळ घालतो. पण लक्षात ठेव, सोनं मिरवायला असतं. हे मिरवायला नाही."

"अप्पा, मी माणसं वाचवायला चाललेय, कबड्डीला नाही," ती हसून म्हणाली.

"मैदान सगळीकडं सारखंच," तो म्हणाला.

पुढं ती अँब्युलन्सच्या ठाण्याची म्होरकी झाली आणि सगळ्यांची पेच्ची अक्का झाली. तिनं माझे नियम घालून दिले. एक शिट्टी म्हणजे माझ्याकडं बघा. दोन म्हणजे स्ट्रेचर आणा. आणि तीन लांब शिट्ट्या म्हणजे हातातलं सगळं टाका आणि मागं फिरा. सगळं म्हणजे सगळं. स्ट्रेचरवर माणूस असला तरी.

"माणूस असला तरी?" नव्यानं आलेला पोरगा हमखास विचारायचा.

"असला तरी," अक्का म्हणायची. "तू मेलास तर त्याला कोण उचलणार, आणि तुला कोण?"

कारखान्यात स्फोट झाला की अक्काची गाडी पहिली पोचायची. चालक चेल्लदुरै, तंबाखू चघळणारा, तोंडानं फटकळ, पण गाडी अशी चालवायचा की आत पाण्याचा पेला हिंदकळू नये. त्यालाही अक्काचा नियम होता: गाडीचं तोंड रस्त्याकडं, इंजिन चालू, आणि काही झालं तरी चालकानं खाली उतरायचं नाही. गाडी थांबली की अक्का फाटकाशी उभी राहायची. दोन्ही हात पाठीमागं. आधी धूर कुठं वाहतोय ते बघायची, मग मुकादमाला गाठायची. तिचा पहिला प्रश्न कायम एकच: "कालचं मिसळलेलं औषध किती उरलं होतं? कुठं ठेवलंय?"

लोकांना हे सहन व्हायचं नाही. आत बायका किंचाळताहेत, आणि ही बया औषधाची चौकशी करतेय! कुणी म्हणायचं हिला लेकरंबाळं नाहीत म्हणून. कुणी तोंडावर थुंकायचं. "बादल्या खाली ठेवा," ती ओरडायची, "पाणी मारू नका, माती टाका! त्या चंदेरी पुडीवर पाणी पडलं तर ती आतल्या आत तापते आणि मग कुणाच्या बापाला ऐकत नाही." मग ती एकेकाला बोटानं पाठवायची. तू इकडं, तू तिकडं, तू त्या बाईला हात लावू नकोस, ती गेलीय, तिच्या पलीकडचा बघ. स्वतः मात्र एकाही जखमीला शिवायची नाही. हात पाठीमागं का, ते मी सांगते. हात थरथरायचे म्हणून नाही. ते आपोआप पुढं जायचे म्हणून.

तिनं तीन लांब शिट्ट्या माझ्यातून फुंकल्या, तो दिवस मला अजून खुपतो. भर दुपार होती. एक खोली उडाली होती. आमच्या गाडीवरचा इसक्की नावाचा तरणाबांड मदतनीस आणि त्याचा जोडीदार एका म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घालून अंगण ओलांडत होते. अक्काला शेजारच्या खोलीच्या खिडकीतून पांढरी वाफ दिसली. तिनं मला तोंडात धरलं आणि पोटातून फुंकलं. तीनदा. इसक्की थबकला. त्या म्हाताऱ्यानं त्याचा मनगटाशी धरलेला हात मी दुरून पाहिला. पण शिस्त ती शिस्त. इसक्कीनं हात सोडवून घेतला, स्ट्रेचर खाली ठेवलं आणि पळाला. सगळे फाटकाबाहेर आले. आणि वाट बघत राहिले.

काहीच झालं नाही.

वाफ आली तशी विरून गेली. ती खोली उडाली नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. अक्कानं खात्री करून पुन्हा माणसं पाठवली, तोवर म्हातारा गेला होता. उन्हात, एकटा, उघड्या डोळ्यांनी.

लोकांनी गाडीवर दगड मारले. म्हाताऱ्याच्या सुनेनं अक्काचे केस धरले. अक्कानं हात पाठीमागंच ठेवले. परतीच्या वाटेवर चेल्लदुरै म्हणाला, "अक्का, खोली उडाली असती तर आज हेच लोक तुझ्या पाया पडले असते."

"उडाली नाही, हेच बरं झालं रे," अक्का म्हणाली. तिची छाती तेव्हा कशी हलत होती ते फक्त मला माहीत.

पण मागच्या बाकावर इसक्की बसला होता. तो आपल्या मनगटाकडं बघत होता, जिथं म्हाताऱ्याची बोटं होती. तो हळूच म्हणाला, "मी पुन्हा कधी स्ट्रेचर खाली ठेवणार नाही. देवीची शपथ." अक्कानं ते ऐकलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती बोलली नाही. मला तेव्हाच भीती वाटली.

पुढं साखरेच्या दुखण्यानं अक्काचे डोळे अधू झाले. धूर आणि वाफ यांतला फरक दिसेना, तेव्हा ती आपणहून बाजूला झाली. इसक्की सगळ्यांत जुना, म्हणून मी त्याच्या गळ्यात गेले. घालताना तिनं बापाचं वाक्य त्याला सांगितलं. तो हसला. "अक्का, तुमचा काळ वेगळा होता. माणसं मागं उभ्या असलेल्याच्या मागं जात नाहीत. पुढं धावणाऱ्याच्या मागं जातात."

खरं सांगायचं तर इसक्की वाईट माणूस नव्हता. कुणाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याला तर नाहीच. तो जिवाला जीव देणारा गडी. गाडी थांबायच्या आत उडी मारायचा, सगळ्यांच्या आधी धुरात शिरायचा, खांद्यावर माणूस टाकून बाहेर यायचा. एकदा जळत्या खोलीतून त्यानं एका बाईला बाहेर काढलं, तो फोटो पेपरात आला. देवीच्या जत्रेत त्याला हार घातला, बिर्याणीची परात त्याच्या घरी गेली. ज्या लोकांनी अक्काच्या गाडीवर दगड मारले, तेच लोक त्याला "आमचा सिंह" म्हणायला लागले. अक्कासुद्धा जत्रेत आली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

आणि मी? मी स्वस्त झाले. रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या, की फुर्र. चहावाल्याचं लक्ष नाही, की फुर्र. वडे आले, या सगळे, की फुर्र फुर्र फुर्र.

"अरे इसक्की," चेल्लदुरै खिडकीतून तंबाखू थुंकत म्हणायचा, "ती काय तुला शेळ्या राखायला दिलीय?"

"अण्णा, तुम्ही फार म्हातारे झालात. शिट्टी वाजली की माणसांना आनंद व्हायला पाहिजे. ती ऐकून पोटात गोळा येऊन कसं चालेल?"

"पोटात गोळा यावा म्हणूनच आहे ती, शहाण्या."

मग वडिवू आली. मिठाच्या आगरातून आलेल्या घरची, काळीसावळी, पायांत वारं भरलेलं. पहिल्याच आठवड्यात तिनं इसक्कीला विचारलं, "अण्णा, अक्कांच्या वेळी तीन शिट्ट्यांचा काही नियम होता म्हणे?"

"होता. त्या नियमानं एक माणूस उन्हात मेला," इसक्की म्हणाला. "माझा नियम सोपा आहे. शिट्टी ऐकली की माझ्याकडं धावायचं. मी जिथं, तिथं तुम्ही. कळलं?"

"कळलं, अण्णा."

तिच्या डोळ्यांत असा विश्वास होता, की माझ्या पोटातला गोळा गार पडला. चेल्लदुरै चाक पुसत होता. त्यानं मान वर केली, वडिवूकडं बघितलं आणि पुन्हा चाक पुसायला लागला.

वडिवू रोज धावत यायची. चहाला धावत यायची, वड्यांना धावत यायची, जखमीसाठी धावत यायची. माझ्या आवाजाकडं तिचे पाय आपोआप वळायला लागले. माझं एकच दुःख होतं, ते कुणाला सांगणार? एक दिवस असा येईल की मला खरंच 'मागं फिरा' म्हणायचं असेल, आणि तेव्हा माझं कोण ऐकेल?

तो दिवस दिवाळीच्या हंगामात आला.

सकाळपासून हवा चिकट होती. आभाळ उतरलं होतं पण पडत नव्हतं. ठाण्यासमोरून बायकांच्या गाड्या गेल्या. चार जणींच्या जागेत आठ-आठ जणी बसवायचे दिवस ते. कारखान्यातही तसंच, खोल्यांतही तसंच. चेल्लदुरै म्हणाला, "आज हवेत ओल आहे. आज औषध मिसळू नये." पण ऐकणारं तिथं कोण होतं? मालक मदुरैला, आणि मागणी दिल्लीहून.

दुपारच्या जेवणाआधी जमीन हलली. खिडकीतले पेले किणकिणले. मग आवाज आला.

गाडी पोचली तेव्हा तीन खोल्या जळत होत्या. मागोमाग दुसरी गाडी आली. चेल्लदुरैनं गाडी वळवून तोंड रस्त्याकडं केलं, इंजिन चालू ठेवलं. एवढा एक नियम त्यानं कुणाच्याही राज्यात मोडला नव्हता. इसक्कीनं उडी टाकली. मुकादम फाटकापाशीच होता, भेदरलेला, हात जोडून काहीतरी सांगू बघत होता. अक्का असती तर तिनं त्याची मानगूट धरून विचारलं असतं. इसक्की त्याला बाजूला सारून पुढं गेला. "वडिवू, स्ट्रेचर! माझ्या मागं!"

पहिली बाई त्यानं खोलीच्या दारातून ओढून काढली आणि वडिवूच्या हवाली केली. वडिवू तिला घेऊन फाटकाकडं गेली, तसा तो पुन्हा आत वळला. दुसरी बाई भिंतीशी होती. तिला उचलायला तो वाकला. त्याच्या गळ्यात मी झोके घेत होते. मागं अंगणात काय चाललंय ते बघायला कुणीच नव्हतं. फाटकाशी उभं कुणी नव्हतं. मला ते इतकं मोकळं, इतकं उघडं वाटलं! घराचं दार सताड उघडं टाकून सगळे आत झोपलेत, असं.

गावकरी मदतीला आले होते. बिचाऱ्यांचा काय दोष? ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून आले, नळी सोडली, धबाधब पाणी मारायला लागले. आग थोडी बसली, तसा लोकांनी जल्लोष केला. पाणी खोल्यांच्या उंबऱ्यांवरून वाहत अंगणातल्या गोदामाकडं निघालं. कालचं मिसळलेलं औषध तिथं पोत्यांत भरून ठेवलं होतं. मुकादम तेच सांगत होता.

इसक्की बाईला खांद्यावर घेऊन दारात आला आणि थबकला. वास आला त्याला. मग गोदामाच्या फटीतून निघणारी पांढरी वाफ त्यानं पाहिली. तीच वाफ, जी त्यानं एकदा पाहिली होती आणि जिला तो इतकी वर्षं शिव्या देत होता. त्याची छाती एकदम थांबली.

बाईला त्यानं उंबऱ्याआड खाली ठेवलं. मला तोंडात धरलं. इतक्या वर्षांत त्यानं मला गालांनी फुंकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून फुंकलं. मी अशी ओरडले, जशी अक्काच्या तोंडात ओरडले होते. लांब. लांब. लांब.

फाटकाशी वडिवूनं मान वर केली. तिचा चेहरा उजळला. अण्णा बोलावताहेत!

ती धावली. तिच्यामागं दुसऱ्या गाडीचे दोघं धावले. सरळ आमच्याकडं, गोदामाच्या अंगावरून येणाऱ्या वाटेनं. इसक्कीनं हात हलवले, मागं जा, मागं जा! त्यांना वाटलं, लवकर या म्हणतोय. त्यानं पुन्हा मला फुंकलं. ते आणखी जोरात धावले. तो फुंकत होता आणि रडत होता. माझ्या पोटात त्याचं पाणी आलं, आवाज घोगरा झाला, पण मी ओरडत राहिले. मी आयुष्यात कधी इतकी खरी ओरडले नव्हते, आणि माझ्या प्रत्येक हाकेसरशी ती पोरं मरणाच्या आणखी जवळ येत होती.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं.

चेल्लदुरै खाली उतरला. इसक्कीखेरीज त्या आवाजाचा अर्थ माहीत असलेला तिथं तो एकटाच. पिकलेल्या केसांचा, ढेरपोट्या माणूस, पण असा पळाला! त्या दोघांना त्यानं वाटेत हातांनी मागं लोटलं. "मरायचंय का रे? मागं! ती 'मागं' म्हणतेय!" मग तो वडिवूमागं धावला. तिला गाठली, दंडाला धरून पाण्याच्या हौदाच्या भिंतीआड अशी भिरकावली, की ती कोपरांवर आपटली. स्वतः त्या भिंतीपर्यंत यायला त्याला दोन ढांगा हव्या होत्या.

त्याला त्या मिळाल्या नाहीत.

इसक्की वाचला. उंबऱ्याआडची बाईही वाचली. वडिवूचं एक कोपर मोडलं. मी राखेत पडले होते. माझ्या पोटातला बुचाचा गोळा जळून गेला होता.

मला कुणीतरी इसक्कीच्या सामानात दवाखान्यात ठेवलं. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, एक कान कायमचा गेला होता. पेच्ची अक्का त्याला बघायला आली. चाचपडत खुर्चीवर बसली. तो छताकडं बघत म्हणाला, "अक्का, मी 'जा' म्हणत होतो. खरंच 'जा' म्हणत होतो. ते आले."

अक्कानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. जखमी माणसाला हात लावताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

"तू रोज 'या' म्हणत होतास रे बाळा," ती म्हणाली. "ते तरी काय करतील?"

तो लहान पोरासारखा रडला. तीही रडली. तिनं त्याला एक शब्द लावून बोललेलं मी ऐकलं नाही. उलट म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं ओझं तुझ्या मनावर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुझ्याशी बोलायला हवं होतं. म्होरक्यानं गप्प राहून चालत नाही. ती माझी चूक."

जाताना तिनं मला उचललं.

मग घराच्या ओसरीवर बसून तिनं औषधाच्या जुन्या बाटलीचं बूच तासायला घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून वडिवूला बोलावलं. वडिवूनं तासलं, अक्कानं बोटांनी तपासलं, आणि चिमटीत दाबून गोळा माझ्या पोटात सारला. अक्कानं फुंकून बघितलं. आवाज आला, पण पूर्वीचा नाही. थोडा फाटका.

"घाल गळ्यात," अक्का म्हणाली.

"मी? नको अक्का. माझ्यामुळं चेल्लदुरै अण्णा..."

"म्हणूनच तू. धावत येणारे पाय कसे असतात, ते तुला ठाऊक आहे."

वडिवू म्होरकी झाली. आता ठाण्यावर मला शेळ्यांसाठी वाजवायची कुणाची छाती नाही. रोज सकाळी पाळी बदलताना ती न सांगता कधीतरी तीन लांब शिट्ट्या देते, आणि सगळ्यांनी हातातलं टाकून गाडीमागं जायचं. चहाचे पेले फुटले, एकदा वड्यांची परात मातीत गेली. नवा चालक कुरकुरला, "वडिवू अक्का, वडे तरी खाऊ द्या!" ती म्हणाली, "चेल्लदुरै अण्णांच्या नावानं टाकले म्हण." तो पुन्हा कुरकुरला नाही. दुसऱ्या ठाण्यांवरचे लोक तिला वेडी म्हणतात. नव्या पोरांना ती त्या उन्हातल्या म्हाताऱ्याची गोष्टही सांगते, लपवत नाही. "ही शिट्टी चुकूही शकते," ती म्हणते. "चुकली तर शिव्या मी खाईन. तुम्ही फक्त मागं या."

आणि इसक्की? तो ठाण्यावर परत आला नाही. अधूनमधून फाटकापलीकडं येऊन उभा राहतो, ऐकू येणारा कान इकडं करून. सकाळच्या तीन शिट्ट्या ऐकतो आणि निघून जातो.

तो कारखाना पुन्हा सुरू झालाय. मालकाच्या मेव्हण्याच्या नावानं, नवा फलक लावून. खोल्या त्याच. गोदामही तिथंच. हंगाम जवळ आलाय, हवा चिकट झालीय, आणि आज सकाळी गाड्या गेल्या तेव्हा चार जणींच्या जागेत आठ जणी होत्या.

वाचणाऱ्यांनो, एक मागणं आहे. तुमच्या गावात कधी आग लागली, आणि सगळे धावत असताना कुणी एक जण हात मागं बांधून दाराशी उभा दिसला, तर त्याला लगेच दगड म्हणू नका. त्याच्या गळ्यात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला विचारा, त्याची छाती कशी हलतेय.

मला आता बोलणं आवरतं घेतलं पाहिजे. कारण जमीन हललीय, गाडी पोचलीय, आणि वडिवू त्या फाटकाशी उभी आहे. हात पाठीमागं. मोडून जुळलेलं कोपर तिला नीट दुमडता येत नाही, तरी पाठीमागं. मुकादमाला तिनं समोर उभा केलाय आणि ती विचारतेय, "कालचं उरलेलं कुठं ठेवलंय?" एक म्हातारी तिच्या साडीला धरून हंबरडा फोडतेय, "माझी सून आत आहे गं, तुला काळीज नाही का?" मागून कुणीतरी पहिला दगड मारलाय. तिची माणसं अंगणात आहेत, स्ट्रेचर उचलून निघालीत, आणि त्यांच्या पलीकडं गोदामाच्या फटीत काहीतरी पांढरं दिसतंय. धूर असेल. वाफही असेल.

तिनं मला दातांत धरलंय. छाती भरून श्वास घेतलाय.